जनावरांच्या जातींची नावं कशी लिहायची, कशी म्हणायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतीवरच्या मजकुराचं मुद्रितशोधन हे माझं रोजचं काम. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचे तंटे नियमावर बोट ठेवून मिटवता येतात, जातींच्या नावांचे मिटत नाहीत. एकाच पानावर 'होल्स्टीन', 'होलस्टाइन' आणि 'हॉलस्टन' अशा तीन गायी चरताना मी पाहिल्या आहेत. लेखकाच्या गोठ्यात प्रत्यक्षात एकच होती. लेखक, पशुवैद्यकाचे विद्यार्थी, प्रदर्शनातले निवेदक आणि भाषांतर करणारे लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते उत्तरांसकट इथे मांडले आहेत.

जातीचं बरोबर नाव ठरवतं कोण?

नोंदणीपुरतं विचाराल तर भारतात हे काम कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो करते. ही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था आहे. जातीला मान्यता मिळाली की तिला नोंदणी क्रमांक मिळतो आणि यादीत नाव चढतं. अडचण एवढीच की वापरात फिरते ती यादी इंग्रजी लिपीत असते. त्या लिपीत ण नाही, ळ नाही, ड आणि द एकाच अक्षरात कोंबलेले असतात. जनावर कोणतं ते यादी पक्कं सांगते. नाव तोंडाने कसं घ्यायचं ते तिच्यावरून कळत नाही.

माझा क्रम असा आहे. देशी जात असेल तर ती पाळणारे लोक काय म्हणतात ते आधी बघायचं. परदेशी जात असेल आणि तिचं एखादं रूप मराठीत पक्कं रुळलेलं असेल, तर ते ठेवायचं. रुळलेलं नसेल तर मूळ भाषेतला उच्चार शोधायचा. इंग्रजी स्पेलिंग वाचून अंदाजाने लिहिणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

'गाओलाओ' ही कुठली जात?

ही गवळाऊ. वर्धा-नागपूर पट्ट्यातली पांढरी, चपळ गाय. नावात गवळी बसलेला आहे. जी-ए-ओ-एल-ए-ओ या स्पेलिंगमुळे तिचं गाओलाओ झालं.

एका पशुप्रदर्शनात निवेदकाच्या हातात हीच इंग्रजी यादी होती. "गाओलाओ गटातल्या स्पर्धकांनी रिंगणात यावं," असं त्यांनी ध्वनिक्षेपकावरून तीनदा पुकारलं. कोणी हललं नाही. माझ्या शेजारी एक आजोबा दावं हाताला गुंडाळून आपल्या गायीजवळ उभे होते. ते मला म्हणाले, "ही चिनी गाय कुणी आणली आता?" चौथ्या वेळी कुणीतरी निवेदकाच्या कानाशी लागलं, ध्वनिक्षेपकातून 'गवळाऊ' हा शब्द आला आणि आजोबा गायीला घेऊन पहिले पुढे झाले.

देवणीचंही असंच होतं. डी-ई-ओ-एन-आय वाचून 'देओनी' किंवा 'डिओनी' म्हणणारे शिकलेले लोक मी ऐकले आहेत. ही लातूर जिल्ह्यातल्या देवणीची जात. जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एव'साठी ई-ओ लिहायची पद्धत होती. देवळाली आणि देवगिरीची स्पेलिंगं आठवून पाहा. एवढी एक खूण लक्षात ठेवली की देओनी तोंडातून निघत नाही. पाळणारे लोक तर देवणी म्हणूनही थांबत नाहीत, रंगावरून बालंक्या, वानेरा, शेवरा असं सांगतात. बालंक्या पूर्ण पांढरी, वानेऱ्याच्या तोंडाच्या बाजू काळ्या, शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके.

इंग्रजी स्पेलिंगवरून मूळ अक्षर ओळखायची काही युक्ती आहे का?

पूर्ण खात्रीची नाही. पण कुठे संशय घ्यायचा हे कळलं तरी निम्मं काम होतं.

पहिला संशय डी या अक्षराचा. देवणी आणि डांगी ही दोन्ही नावं इंग्रजीत डीनेच सुरू होतात. देवणीत द आहे, डांगीत ड आहे, कारण ती डांग मुलखातली. 'दांगी' असं छापलेलं मी दोनदा सुधारलं आहे. निलगिरीतल्या तोडा म्हशीच्या नावात उलटसुलट घोटाळा होतो: पहिला त, दुसरा ड, आणि लोक लिहितात 'टोडा' किंवा 'तोदा'.

दुसरा संशय टी-एचचा. थारपारकरमध्ये थ, राठीत ठ, काठियावाडीत ठ, भीमथडीत पुन्हा थ. स्पेलिंग चारही ठिकाणी एकच. इथे अर्थ मदतीला येतो. थडी म्हणजे नदीचा काठ, हे मराठी माणसाला ठाऊक असतं. म्हणून भीमेच्या काठची ती भीमथडीची तट्टं, आणि पूर्णेच्या काठची ती पूर्णाथडी म्हैस. अर्थ कळला की 'भीमठाडी' कोणी लिहिणार नाही.

तिसरा संशय आरचा, आणि तो सगळ्यांत फसवा. हिंदीतला नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब दिलेला, ड इंग्रजीत आर होऊन येतो. मग मारवाडीचं 'मारवारी', काठियावाडीचं 'काठियावारी' आणि निमाडीचं 'निमारी' होतं. निमाड हा प्रदेश मराठीला परका नाही, तरी निमाडी बैल 'निमारी' म्हणून छापून येतो. पण म्हणून दिसेल त्या आरचा ड करत सुटू नका. भदावरी म्हशीतला र खराच र आहे.

याच ओळीत बेरारी शेळी येते. बेरार म्हणजे वऱ्हाड. यादीत बेरारी असली तरी मराठी लेखात पहिल्यांदा उल्लेख येतो तिथे 'बेरारी म्हणजे वऱ्हाडी' असं लिहावं, नाहीतर वऱ्हाडातल्याच वाचकाला ती कुठून तरी बाहेरून आल्यासारखी वाटते.

ळ कुठे ठेवायचा?

जिथे तो मुळात आहे तिथे सगळीकडे. हिंदीतून माहिती उचलली की ळ गळतो आणि माडग्याळ मेंढीची 'मडग्याल' होते, कोकण कन्याळ शेळीची 'कन्याल'. माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव आहे. तिथला ळ काढायचा अधिकार आपल्याला नाही.

दक्षिणेकडच्या जातींच्या बाबतीत तर मराठीची सोय हिंदीपेक्षा चांगली आहे, कारण कन्नड आणि तमिळमध्येही ळ आहे. कर्नाटकातल्या बैलाचं नाव कन्नडमध्ये हळ्ळिकार आहे. इंग्रजीवरून आपण 'हल्लीकर' लिहितो आणि ते एखाद्या आडनावासारखं दिसतं. तमिळनाडूतल्या उंबळाचेरीचंही तेच. मलनाड गिड्डा या नावातला गिड्डा शब्द मराठीत आहे तसाच कन्नडमध्ये आहे, आणि गायही खरोखरच गिड्डी असते. त्याचं 'गिडा' करू नये.

मुऱ्हा, मुर्रा की मुर्हा?

म्हशीची ही जात हिंदीत मुर्रा, मराठीत मुऱ्हा. मराठी मजकुरात मुऱ्हा लिहावं. छापील मराठीत तेच रूढ आहे आणि बोलण्यातही तो ह ऐकू येतो.

'मुर्हा' मात्र चूक, कारण मराठीत रफार आणि हा आडवा अर्धा र एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आचार्यांना नमस्कार करतात, आचाऱ्यांना जेवणाची ऑर्डर देतात. रफाराने आधीच्या अक्षरावर जोर येतो, ऱ्हने येत नाही. 'मुऱ्हा'तला मु हलकाच म्हटला जातो.

टंकताना ऱ हे वेगळं अक्षर घ्यायचं, मग हलन्त, मग ह. साधा र घेऊन हलन्त दिला की कळफलक आपोआप रफार करतो. आणखी एक खोच सांगतो, जी मला बरीच वर्षं माहीत नव्हती. साध्या र आणि हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही अगदी असाच दिसणारा ऱ्ह उमटतो. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला कळतो. चाळीस लेखांच्या फायलीत मी 'मुऱ्हा' शोधलं तेव्हा अर्धेच सापडले; उरलेले अर्धे त्या दुसऱ्या पद्धतीने टंकलेले होते. शोध घेताना दोन्ही पद्धतींनी घ्यावा.

पंढरपुरी की पंढरपूरी? गीर की गिर?

म्हैस पंढरपुरी. गावाच्या नावात पू दीर्घ, कारण शेवट अकारान्त आहे आणि त्याच्या आधीचा उकार दीर्घ होतो. ई लागून विशेषण झालं की तो ऱ्हस्व होतो. पंढरपूर पण पंढरपुरी, नागपूर पण नागपुरी. ही चूक इतकी होते की मी मजकूर हातात घेतल्याबरोबर पहिल्यांदा 'पूरी' शोधतो. पुरी खायची असो वा पाळायची, पु ऱ्हस्वच.

गीर दीर्घ, त्याच अकारान्ताच्या नियमाने. प्रत्यय लागला तरी गीरचं दूध, गीरला, गीरपासून. वेचूर आणि पुंगनूर या दक्षिणेतल्या बुटक्या जातींनाही दीर्घच ऊकार द्यावा.

खिलार, खिल्लार की खिल्लारी?

तिन्ही ऐकू येतात आणि तिन्हीपैकी एकालाही मी चूक म्हणणार नाही. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप, हा जुना मराठी शब्द. त्या खिल्लारातला तो खिल्लारी बैल. बोलताना एक ल गळून खिलार होतं. मी लिहिताना 'खिल्लार जात' आणि 'खिल्लारी बैल' असं वापरतो. महत्त्वाचं हे की एका लेखात एकच रूप राहावं. संवाद असेल तर बोलणाऱ्याच्या तोंडी जे असेल ते.

खानदेशाकडच्या प्रकाराला थिल्लारी म्हणतात. ही छपाईची चूक समजून 'सुधारू' नये. मी एकदा सुधारली आहे आणि लेखकाचा फोन आला आहे.

उस्मानाबादी शेळीला आता धाराशिवी म्हणायचं का?

जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, जातीचं नोंदलेलं नाव उस्मानाबादीच आहे, आणि माणसंही तेच म्हणतात. जगभर असंच चालतं. शहराला बीजिंग म्हणायला लागून किती वर्षं झाली, बदक अजून पेकिन आहे. अंकाराचं जुनं नाव अंगोरा. शेळी अंगोराच राहिली. उलट साहिवाल गायीला एके काळी माँटगोमेरीही म्हणत, कारण त्या जिल्ह्याचं नाव तेव्हा ते होतं. टिकलं ते साहिवाल. नाव बदलायचं तर पाळणारे बदलतात, आपण छापून बदलत नाही.

जर्सी की जर्शी की जर्झी?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

इंग्लिश खाडीतल्या ज्या बेटावरून ही गाय आली, त्या बेटाचं नाव इंग्रज माणूस घेतो तेव्हा मधला आवाज स नसतो, झाडातल्या झसारखा असतो. मग जर्झी लिहावं का? लिहून पाहा आणि दुसऱ्याला वाचायला द्या. तो 'माझी'मधला झी वाचेल. मराठीत च, ज, झ या अक्षरांचे दोन दोन उच्चार आहेत. गुरांना घालायचा 'चारा' आणि पायांची संख्या 'चार' यांतला च सारखा नाही. पण पुढे इ, ई किंवा ए आला की बहुधा एकच उच्चार उरतो, तालव्य. म्हणून इंग्रजीतला झेड आणि त्यापुढे ई, ही जोडी आपल्या लिपीत नीट लिहिताच येत नाही. हिंदीवाले खाली नुक्ता देऊन वेळ निभावतात, मराठी लेखनात नुक्ता नाही.

तेव्हा जर्सी. हे रूप पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे, स्वेटरलाही तेच नाव आहे, आणि त्यात काही बिघडत नाही.

आता जर्शी. गोठ्यात कान देऊन ऐका, निम्मी माणसं जर्शीच म्हणतात, आणि त्यांना हसणाऱ्यांना मराठी कमी कळते. पुढे इकार आला की सचा श करायचा ही या भाषेची जुनीच खोड आहे. हिंदीत सींग, मराठीत शिंग. हिंदीत सीखना, मराठीत शिकणे. ज्या न्यायाने शिंग झालं, त्याच न्यायाने जर्शी झाली. लेखात मी जर्सी ठेवतो. पशुपालकाचं बोलणं अवतरणात आलं तर जर्शीला हात लावत नाही.

शेजारच्या बेटावरच्या गायीला याच हिशेबाने गर्न्सी लिहावं. स्पेलिंगमधला यू मुका आहे, 'ग्वेर्नसे' नको.

एचएफ पूर्ण कसं लिहायचं?

होल्स्टाइन फ्रिजियन, दोन वेगळे शब्द. पहिला उत्तर जर्मनीतल्या प्रदेशाचा, दुसरा नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांताचा. जर्मन भाषेत ई-आय ही जोडी 'आइ' अशी उच्चारली जाते, म्हणून स्टाइन, 'स्टीन' नको. जर्मन माणूस तर होल्श्टाइन म्हणेल, पण एवढं खोलात शिरायची गरज नाही. फ्रिजियनला 'फ्रेशियन' किंवा 'फ्रायजन' करू नये. आणि एकदा पूर्ण नाव लिहून झालं की पुढे बिनधास्त एचएफ लिहा. या गायीला पूर्ण नावाने हाक मारणारा पशुपालक मला अजून भेटलेला नाही.

फ्रेंच नावांचं काय करायचं?

शेवटची व्यंजनं बहुतेक वेळा गिळायची. मांसासाठी पाळतात ती पांढरी गाय शारोले. शेवटचा एस मुका. लिमुझँ हीही फ्रेंच गाय. इंग्रजी बोलणारे तिला लिमुझीनच्या जवळपास काहीतरी म्हणतात. लांबलचक मोटारीला त्याच प्रदेशावरून नाव मिळालं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. गडद चॉकलेटी अंडी देणारी कोंबडी मराँ. बेल्जियममधल्या फ्रेंच भाषक गावचं डुक्कर प्येत्रँ.

सगळ्यांत हाल झाले ते रांबुयेचे. पॅरिसजवळच्या रांबुये इथल्या राजाच्या शेतावर 1786 मध्ये स्पेनमधून मेरिनो मेंढ्या आणल्या गेल्या, त्यांच्यापासून ही जात घडली. स्पेलिंगमध्ये दोन एल आणि शेवटी टी आहे, म्हणून आपल्याकडे ती 'रॅम्बुलेट' झाली. मीही कितीतरी वर्षं तेच पुढे ढकलत होतो. आता रांबुये लिहितो आणि पहिल्या उल्लेखापाशी 'रॅम्बुलेट या नावानेही ओळखली जाणारी' असं जोडतो. कारण ज्याने मेंढपाळीच्या पुस्तिकेत रॅम्बुलेट वाचलं आहे, त्याला ही तीच मेंढी आहे हे कळायला हवं.

इतर भाषांतली काही नेहमी चुकणारी नावं सांगाल का?

बोअर शेळी: मूळ आफ्रिकान्स उच्चार 'बूर', म्हणजे शेतकरी. मराठीत इतिहासाच्या पुस्तकांपासून बोअर रुळलं आहे, ते राहू द्या. 'बोयर' नको.

डच बेटावरच्या टेसल मेंढीच्या स्पेलिंगमध्ये एक्स आहे, उच्चारात तो स होतो. इटलीतली उंचीपुरी पांढरी गाय कियानिना, कारण इटालियनमध्ये सी-एच म्हणजे क. 'चियानिना' म्हटलं तर इटालियन माणसाला कळणारही नाही. इंडोनेशियातली पिसांपासून हाडांपर्यंत काळी कोंबडी अयाम चेमानी. तिथे सी म्हणजे च, आणि अयाम म्हणजेच कोंबडी, त्यामुळे 'अयाम चेमानी कोंबडी' हे 'पिवळं पीतांबर' झालं. हंगेरीतलं कुरळ्या केसांचं डुक्कर मंगालित्सा, कारण तिथे सी म्हणजे त्स. एकच अक्षर, तीन देशांत तीन तऱ्हा.

जर्मन भाषेत व्ही बहुधा फ होतो, म्हणून फ्लेकफी. ठिपक्याठिपक्यांची गुरं, एवढाच त्याचा अर्थ. आणि दुधाळ स्विस शेळी सानेन. जर्मन उच्चार झानेन आहे, पण सानेन रुळलेलं आहे.

इंग्रज एक म्हणतात, अमेरिकन दुसरंच. आपण कोणाचं ऐकायचं?

जात जिथली, तिथलं. पांढऱ्या तोंडाची तांबडी गाय ब्रिटनमध्ये हेरिफर्ड, अमेरिकेत बहुतेकांच्या तोंडी हर्फर्ड. गाय इंग्लंडच्या परगण्यातली, म्हणून मी हेरिफर्ड लिहितो. काळ्या डुकराचं इंग्रजी नाव बार्कशर, अमेरिकन बर्कशर, आणि मराठीत सर्रास बर्कशायर. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या त्या 'शायर'चा इंग्रज 'शर' करतो. पण क्रिकेटच्या बातम्यांनी यॉर्कशायर आपल्या कानात इतकं पक्कं बसवलं आहे की डुकराला यॉर्कशर म्हटलं तर वाचक अडखळतो. इथे मी हार मानली आहे.

कोंबड्यांत प्लिमथ रॉक लिहावं, 'प्लायमाउथ' नको. वायनडॉटच्या शेवटचा ई मुका. ऱ्होड आयलंड रेडमधला ऱ्ह वर सांगितला तसा टंकावा. खाकी कॅम्बेल बदकाच्या नावातला पी उच्चारत नाहीत, त्यामुळे 'कॅम्पबेल' हे स्पेलिंगचं ओझं आहे. त्यातला खाकी शब्द मात्र इथूनच तिकडे गेला आणि बदकाच्या पाठीवर बसून परत आला.

ब्रह्मा आणि ब्राह्मन एकच का?

नाही. ब्रह्मा ही पायांवर पिसं असलेली धिप्पाड कोंबडी. मूळ पक्षी चीनमधून अमेरिकेत गेले, तिथे त्यांना ब्रह्मपुत्रा नदीचं नाव चिकटलं आणि ते तुटून ब्रह्मा उरलं. देवाशी संबंध नाही.

ब्राह्मन ही भारतातून नेलेल्या वशिंडाच्या गुरांपासून अमेरिकेत तयार झालेली गाय. शेवटी न लिहावा. ण लिहिला की वाक्याचा अर्थ भलतीकडेच जातो, आणि असं एक वाक्य छापखान्याच्या दारातून मी परत आणलेलं आहे.

ब्राझीलमध्ये गेलेल्या आपल्या गुरांची नावं ऐकायला तर मौज वाटते. आपली ओंगोल तिथे नेल्लोर जिल्ह्याच्या नावावरून नेलोर झाली, कांकरेजला गुजरातवरून गुझेरा म्हणू लागले. गीरचं स्पेलिंग तेच राहिलं, पण पोर्तुगीजमध्ये त्या जीचा उच्चार बदलतो आणि 'झीर' असं काहीसं ऐकू येतं. तिथला पशुपालक बोलत असेल तरी मराठीत गीरच लिहावं. गीर आणि होल्स्टाइन यांच्या संकरातून तिथे तयार झालेल्या जातीला मात्र जिरोलांदो. ती जात त्यांची, उच्चारही त्यांचा.

नावावरून मूळ गाव समजतं ना?

दर वेळी नाही. कोचीन कोंबडीचा केरळशी संबंध नाही. ती चीनमधली, आणि व्हिएतनामच्या एका भागाला युरोपीय लोक कोचीन-चायना म्हणत, त्या गोंधळातून नाव आलं. मस्कोव्ही बदक मॉस्कोचं नाही, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं आहे. लेगहॉर्न कोंबडीच्या नावात पाय आणि शिंग दिसतं खरं, पण ते इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचं इंग्रजांनी केलेलं रूप आहे. जाफराबादी म्हैस सौराष्ट्रातल्या जाफराबादची, जालना जिल्ह्यातल्या जाफराबादची नव्हे. हे मला एका जालनेकराला फार हळुवारपणे सांगावं लागलं होतं. लाल कंधारी गाय मात्र आपल्या नांदेडच्या कंधारची आहे, अफगाणिस्तानातल्या कंदाहारची नाही. अंगोरा शेळीच्या केसांना मोहेर म्हणतात. अंगोरा लोकर सशाची असते.

आणि पंजाबच्या बीटल शेळीचा किड्याशी काही संबंध नाही. हा प्रश्नही येतो.

'गीर प्रजातीची गाय' बरोबर आहे का?

नाही. गीर ही जात. प्रजाती ही त्याहून फार मोठी गोष्ट. गाय आणि म्हैस या वेगळ्या प्रजाती; गीर आणि देवणी या एकाच प्रजातीतल्या जाती. 'प्रजाती' हा शब्द भारदस्त वाटतो म्हणून लोक तो वापरतात. वाण शब्द पिकांना शोभतो. वनराज, गिरिराज अशा संस्थांनी विकसित केलेल्या कोंबड्यांना सुधारित वाण म्हटलेलं मी चालवून घेतो.

गावरान किंवा गावठी हे जातीचं नाव नाही. ज्या जनावराची कोणत्याही नोंदलेल्या जातीशी ओळख जुळत नाही, ते गावठी. त्यामुळे 'गावरान जातीची कोंबडी' ऐवजी नुसतं 'गावरान कोंबडी'.

संकरित जनावराचं नाव कसं लिहायचं?

मध्ये गुणिलेचं चिन्ह: एचएफ × गीर. जनावरांच्या पैदाशीत बहुधा नराची जात आधी लिहितात, म्हणजे इथे वळू एचएफ आणि गाय गीर. पिकांच्या संकरात मादी आधी लिहायची पद्धत आहे, म्हणून कृषी शाखेतून आलेले लेखक हा क्रम हमखास उलटा करतात. शंका असेल तर चिन्हाच्या भानगडीत न पडता 'एचएफ वळू आणि गीर गाय यांची कालवड' असं सरळ लिहून टाकावं.

विम्याच्या अर्जावर किंवा कानातल्या बिल्ल्याच्या नोंदीत कोणतं रूप लिहू?

तिथे माझं काही ऐकू नका. अर्ज इंग्रजीत असेल तर यादीतलं स्पेलिंग अक्षर न अक्षर तसंच उतरवा, मुऱ्हाच्या शेवटचा एच आणि जाफराबादीतले दोन एफ धरून. बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक, आरोग्याचा दाखला आणि विमा या तिन्ही ठिकाणी जात एकाच रूपात असू द्या. एका कागदावर देवणी, दुसऱ्यावर डोंगरी आणि तिसऱ्यावर नुसतं 'देशी' असं असलं तर गोठ्यात एकच गाय असूनही कागदावर तिच्या तीन होतात. अर्ज मराठीत असेल तर गावात म्हणतात ते नाव लिहा आणि शेजारी नोंदीतलं नाव द्या.